दादर ज्वारीची बिअर

धुळ्याला देवपुरात खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, जात, लग्न यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी माझ्यासमोर टेबलावर तीन छोट्या बाटल्या ठेवल्या, एकेकीचं बूच काढलं आणि म्हणाले, "हुंगा. कशाचा वास येतो ते सांगा."

मी साताऱ्याकडची. फार्मसी कॉलेजात नुकतीच नोकरी लागलेली, खान्देशात पहिल्यांदाच आलेली. इकडे खोली देण्याची अशीच पद्धत असेल, असं समजून मी मुकाट्याने हुंगलं. पहिल्या बाटलीत पिकलेलं केळं, दुसरीत लोणी. तिसरीला जरा वेळ लागला. मी म्हटलं, "ओला पुठ्ठा. खोकं भिजलं की येतो तसा."

"खोली तुमची," ते म्हणाले. "भाड्याचं आत आमच्या मंडळींशी बोला."

माझ्या आधी तीन भाडेकरू या परीक्षेत नापास होऊन गेले होते. त्यातल्या एकाला सर्दी होती आणि तो पुन्हा येतो म्हणत होता, पण नानांनी, म्हणजे घरमालकांनी, त्याला संधी दिली नाही. हे मला आतल्या मंडळींनी, म्हणजे अक्कांनी, भाडं ठरवताना सांगितलं आणि वर म्हणाल्या, "डोकं फिरेल शे त्यासनं. तू मनावर घेऊ नको, बाई."

नाना चाळीस वर्षं एका बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. निवृत्त होऊन गावी आले ते तिथला पांढरा कोट घेऊनच. उन्हाळ्यात बनियनवर आणि थंडीत स्वेटरवर तो कोट चढवून ते गच्चीवरच्या खोलीत जात, आणि मग ती खोली म्हणजे कारखाना. आत एक गॅसची शेगडी, दोन मोठे डबे, एक थर्मामीटर, आणि बिअरमध्ये सोडली की तरंगणारी एक काचेची नळी, जिच्यावरून साखर किती उरली ते समजायचं. घरी बिअर करायला कायद्यात वाव नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यावर त्यांचं धोरण असं होतं की एका वेळी पाच लिटरच करायची, विकायची नाही, उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, आणि कुणी विचारायला आलंच तर चहा पाजून सगळं कबूल करायचं. माझ्या मुक्कामात कुणी आलं नाही. चहाची तयारी मात्र होती.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला शिष्य करून घेतलं. मला बिअर आवडते का, हेही विचारलं नाही. सुरुवात भांडी घासण्यापासून झाली आणि महिनाभर तिथेच राहिली. डबा साबणाने धुवायचा, मग साबण जाईस्तोवर धुवायचा, मग उकळतं पाणी फिरवायचं. तारेची घासणी दिसली की नाना ती गच्चीवरून खाली फेकत, कारण प्लॅस्टिकच्या डब्याला ओरखडा गेला की त्यात जंतू घर करतात. "मॅडम, बिअर आपण करत नाही. ती होते. आपण फक्त भांडी घासतो," हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. त्यावर खालून अक्कांचा आवाज येई, "घरना भांडा कधी घासा नहीत चाळीस वरीसमा."

यीस्टला ते 'मंडळी' म्हणत. घरात अक्काही मंडळीच असल्यामुळे कुणाबद्दल चाललंय ते संदर्भाने ओळखायचं. उकळलेला रस गार झाल्याशिवाय मंडळींना आत सोडायचं नाही. मनगटावर थेंब टाकून बघायचा, गरम लागला तर थांबायचं. एकदा झाकण लागलं की दोन आठवडे उघडायचं नाही. मी नवशिकी, मला दर दोन दिवसांनी आत काय चाललंय ते बघायचं असे. नाना माझ्या हातावर पट्टी मारत. "मंडळी जेवायला बसलीत. तुम्ही जेवताना कुणी दार उघडून बघितलं तर?" झाकणाला लावलेल्या नळीतून पाण्यात बुडबुडे येत, तेव्हा ते स्टूल ओढून शेजारी बसत आणि कान लावत.

बाटल्या भरताना हात आखडता हवा. एका बाटलीला सपाट चमचाभर साखर, जास्त नाही. मी एकदा उदार झाले. नवव्या दिवशी दुपारी गच्चीवर असा आवाज झाला की समोरच्या घरातले काका बाहेर येऊन टायर शोधू लागले. नाना रागावले नाहीत. त्यांनी मला झाडू दिला आणि मग नवशिक्यासाठीची युक्ती सांगितली: काचेच्या बाटल्यांबरोबर एक सोड्याची प्लॅस्टिकची बाटलीही भरायची. रोज अंगठ्याने दाबायची. टणक लागली की बाकीच्याही तयार झाल्या. लगेच थंड जागी हलवायच्या.

आणि सगळं वहीत लिहायचं. वही माझ्या ताब्यात होती. तारीख, पारा, धान्य, साखर, आणि शेवटचा रकाना 'वास'. झाकण उघडलं की नाना बाजूला सरकत, हात पाठीमागे बांधत आणि तोच प्रश्न विचारत, "कशाचा वास येतो?" मी सांगत जाई, ते मान डोलवत जात. केळ्याचा वास म्हणजे खोली तापली होती. लोण्याचा म्हणजे आपण घाई केली. पुठ्ठ्याचा म्हणजे ओतताना हवा मिसळली. मला वाटे, काय शिकवण्याची पद्धत आहे. स्वतः कधी उत्तर सांगत नाहीत, विद्यार्थ्याकडून काढून घेतात. कॉलेजात मीही तसंच करू लागले.

धुळ्यात बिअर करायची म्हणजे मुख्य भांडण उन्हाशी. नाना दिवाळी ते होळी एवढाच हंगाम धरत. त्यापुढे डबा पाण्याच्या टबात, अंगावर ओलं गोणपाट आणि समोर टेबलफॅन. अक्का म्हणत, माझ्या बाळंतपणात एवढी बडदास्त ठेवली नव्हती.

एवढं सगळं कशासाठी, ते मला सहा महिन्यांनी कळलं. बाजारात मिळणाऱ्या बार्लीच्या माल्टची बिअर नानांना झोपेतही जमत असे. तिच्यात त्यांना रस नव्हता. नवशिक्याने पहिल्या चार खेपा तिच्याच कराव्यात, शहाणपणा करू नये, एवढ्यापुरती ती. त्यांना करायची होती दादरची. दादर म्हणजे आमच्याकडच्या मंडळींना मुंबईचं स्टेशन आठवेल, पण खान्देशात दादर ही रब्बीची ज्वारी, पांढरी, टपोरी, भाकरीला गोड. कारखान्यात असताना नानांनी वरिष्ठांना सांगितलं होतं की आमच्या दादरची उत्तम बिअर होईल. साहेब हसले. नुसते हसले असते तर चाललं असतं, पण त्यांनी जेवणाच्या टेबलावर ते सगळ्यांना सांगितलं आणि सगळे हसले. मग पुढची अकरा वर्षं कुणी ना कुणी विचारायचं, "काय, भाकरीची बिअर झाली का?"

"एकदा जमली पाहिजे," नाना म्हणाले. "एकदाच. मग मी डबे भंगारात देतो."

निवृत्त झाल्यापासून ते तेच करत होते. दादरला ओल्या गोणपाटात मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, मोड चोळून पार काढून टाकायचे, कारण ज्वारीचे कोंब पोटाला चांगले नाहीत. मग भरडून कोमट-गरम पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे पिठाची साखर व्हावी. ती होतच नव्हती. नाना बशीत थेंब काढत आणि त्यावर जखमेला लावायचं आयोडीन टाकत. पीठ शिल्लक असेल तर थेंब निळाकाळा पडतो, साखर झाली असेल तर आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहतो. दरवेळी बशी निळी. वहीत मी दरवेळी 'निळा' लिहायची आणि नाना कोट काढून खिळ्याला अडकवायचे. तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही, एवढं मला समजायला लागलं होतं.

माझ्या मुक्कामाचं तिसरं वर्ष होतं. मार्चच्या शेवटी गल्लीतल्या बायकांनी आमच्या गच्चीवर बिबडे घालायचे ठरवले. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवून, वाळवून, दळून त्या पिठाचा घट्ट घाटा हाटायचा आणि ओल्या धोतरावर पातळ थापायचा. उजाडायच्या आत चूल पेटली. विटांवर मोठं पातेलं, त्यात लहान मुलांसाठी म्हणून बिनमिरचीचा घाटा, फक्त मीठ, तीळ, जिरं आणि भरपूर लसूण. घाटा शिजला, पातेलं खाली उतरवलं. वाफ जरा निवल्यावर अक्कांनी उलथनं घालून पाहिलं आणि त्यांना तो सैल वाटला.

"बाई, डबामातलं पीठ आन. चार वाट्या टाक आनि हाट," त्या म्हणाल्या.

गिरणीतून आलेले दोन सारखे स्टीलचे डबे जिन्यात होते. एकात बिबड्यांचं पीठ, दुसऱ्यात नानांचा दोन महिने खपून केलेला दादरचा माल्ट, त्याच गिरणीत, त्याच दिवशी दळलेला. झाकणावर खडूने लिहिलेलं 'हात लावू नये' कुणाच्या तरी ओल्या हाताने पुसलं गेलं होतं. नानांची तीन वर्षांची शिष्या असलेल्या मी सरळ माल्टचा डबा उचलला, चार वाट्या टाकल्या, हाटलं आणि झाकण ठेवलं. मग सगळ्या जणी चहाला खाली गेलो.

अर्ध्या तासाने वर येऊन पाहतो तर घाट्याची कढी झालेली. पळी उलटी केली की धार पडत होती. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी म्हणालं पीठ जुनं, कुणी म्हणालं दृष्ट लागली, एकीने तर कोण अंघोळ न करता आलं याची चौकशी सुरू केली. अक्कांनी बोट बुडवून चाटलं. "गोड लागस," त्या म्हणाल्या. "बठ्ठं वाया गयं."

तेव्हा मला डबा आठवला. मी नानांना बोलवायला गेले, निदान शिव्या तरी लवकर खाऊन घ्याव्यात म्हणून. नाना आले, डबा पाहिला, पातेलं पाहिलं आणि उलट पावली जिना उतरले. मला वाटलं, छातीत वगैरे दुखलं की काय. दोन मिनिटांत ते कोट घालून आणि आयोडीनची बाटली घेऊन वर आले.

बशीत थेंब पडला. त्यावर आयोडीन. आम्ही आठ बायका आणि नाना बशीवर वाकून बघत होतो. तपकिरी होता, तपकिरीच राहिला.

नाना खाली बसले, फरशीवर, कोटासकट. मग हसायला लागले. मग मला म्हणाले, "मॅडम, मी गाढव. इतकी वर्षं बार्लीची पद्धत दादरला लावत बसलो. दादर आधी शिजवायलाच हवी. शिजून घाटा झाला पाहिजे, मग जरा निवल्यावर माल्ट. या बायकांना विचारलं असतं तरी चाललं असतं." त्यांनी पळीभर घाटा घेतला, प्यायले, ओठ पुसले. "गोड! मीठ पडलंय थोडं, हरकत नाही, एवढं मंडळी सहन करतील. दुसरं काही नाही ना घातलं यात? मग मी हे असंच गाळून लावतो."

बायका हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. संपूर्ण गच्चीवर लसणाचा वास कोंदला होता, माझ्या केसांना येत होता, आणि नाना गंभीर चेहऱ्याने उत्तराची वाट पाहत होते.

हसल्या नाहीत त्या फक्त अक्का. त्या पुढे झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "लसून शे त्याम्हा. पावशेर."

नानांचा चेहरा मी विसरणार नाही. चोरी पकडलेल्या मुलाचा असतो तसा झाला तो. ते उठले आणि खोलीत जाऊन दार लावून बसले.

संध्याकाळी त्यांनीच मला हाक मारून सांगितलं. करोनाच्या साथीत ताप आला, त्यात नाक गेलं, ते परत आलंच नाही. जिभेला गोड, कडू, खारट एवढं कळतं, बाकी सगळं कोरं. कुणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षं नाकावर पोट भरलेल्या माणसाने काय सांगायचं? म्हणून ते भाडेकरू शोधत नव्हते, नाक शोधत होते. माझी परीक्षा, तो रोजचा प्रश्न, माझ्या हातची वही, सगळं त्यासाठी होतं. मला राग यायला हवा होता. मला रडूच आलं, आणि ते लपवायला मी भांडी घासायला घेतली.

अक्कांना मात्र ताप उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. दूध करपून खाक झालं तरी हा माणूस शेजारी पेपर वाचत बसलेला. तेव्हापासून रोज निजायच्या आधी गॅसचं बटण त्या स्वतः दोनदा बघत आल्या होत्या आणि त्याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या.

एप्रिल लागला होता, बिअरचा हंगाम उलटून गेला होता. जूनमध्ये माझी नाशिकला बदली होणार हेही ठरलं होतं. डब्यात माल्ट उरला होता तो एका खेपेपुरता. नाना म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबू. अक्का म्हणाल्या, "थांबू नका. ही पोर जाई राहिनी. घाटा मी हाटसू, मना घाटाम्हा गाठ व्हत नही. पुढलं तुम्ही पहा."

अक्कांनी पहिल्यांदा गच्चीवरच्या खोलीत पाऊल टाकलं ते असं. दादरचा घाटा त्यांनी हाटला, बिनलसणाचा. नानांनी थर्मामीटर धरला, पारा उतरल्यावर माल्ट टाकला. बशी तपकिरी. रस गाळला, उकळला, त्यात अक्कांच्या फ्रिजमध्ये शेवयांच्या शेजारी दोन वर्षं पडून असलेली हॉप्सची फुलं टाकली, जी बिअरला कडू करतात. मग टब, गोणपाट आणि पंखा. टबात बर्फ टाकायला मी कॉलेजमधून थर्मास घेऊन दोन वेळा पायपीट करायची. महिनाभर तिघंही त्या डब्याभोवती जपून बोलत होतो.

मे महिन्याच्या अखेरीस, संध्याकाळी, पहिली बाटली उघडली. फस्स झालं. ग्लासात रंग उतरला वाळल्या कडब्यासारखा, वर बोटभर फेस. मी वही उघडली आणि ग्लास हातात घेतला. नाना म्हणाले, "तुम्ही नको."

मी थांबले.

"तुमचं नाक उत्तम आहे, मॅडम. पण तुमचा जीव आहे माझ्यावर. ही वाईट निघाली तर तुम्ही खरं सांगणार नाही." ते अक्कांकडे वळले. "तू सांग. तुला ही आवडत नाही, आणि मला बरं वाटावं म्हणून तू आजवर एकही शब्द बोललेली नाहीस."

"माले काय समजस त्याम्हानं?"

"म्हणून तर."

अक्कांनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. त्यांनी पदराने ग्लास धरला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. नानांनी माझ्या हातातून वही आणि पेन काढून घेतलं होतं.

"कडू शे," अक्का म्हणाल्या.

"ते असतंच. वास?"

अक्कांनी ग्लास नाकाशी नेला. मग पुन्हा एकदा हुंगला. मला वाटलं संपलं, पुठ्ठाच असणार.

"मना माहेरले," त्या म्हणाल्या, "साक्रीले, खळाम्हा दादरना ढीग पडे ना. रातले त्यावर दव पडे. सकायले त्यावरथून जो वास ये, तो शे हाऊ. बाकी काही नही."

नानांनी पेन खाली ठेवलं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ते सुगीला सासुरवाडीला जात, खळ्यावरच निजत, हे मी त्यांच्याकडून ऐकलं होतं. त्यांनी डोळे मिटले. नाक मुळीच हललं नाही, पण छाती भरली.

"तो वास मला माहीत आहे," ते म्हणाले. "मला येतोय."

मग त्यांनी डोळे पुसले, पेन उचललं आणि तीन वर्षं माझ्या अक्षरात भरत आलेला तो शेवटचा रकाना स्वतःच्या हाताने भरला. अक्कांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द. डबे न्यायला भंगारवाल्याला ते अजून 'उद्या'च बोलावतायत, असं परवा फोनवर अक्का म्हणाल्या.

त्या संध्याकाळी लिहून झाल्यावर त्यांनी ग्लास घ्यायला हात पुढे केला. अक्कांनी तो दिला नाही. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा, आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "लिखं ना? मंग तुम्ही दुसरी बाटली उघाडा."